छत्तीस युनिट

मे महिन्याचं बिल पाच हजार एकशे चाळीस.
मी ते फ्रिजवर चिकटवलं, देवाच्या फोटोशेजारी,
मग काढलं. देवानं कशाला वाचावं.

आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.
बिबड्या वाळत घातल्या की त्यांच्यावर
जुनी साडी अंथरावी लागते, राख बसते म्हणून.
वीज तिथे होते, राख इथे पडते,
आणि बिल मात्र नावानिशी येतं :
पुष्पलता टिकाराम नेहेते, भुसावळ.

ऑफिसात गेले. खिडकी दोनवरचा पंखा बंद,
आतली मुलगी वहीनं वारा घेत होती.
म्हणाली, रीडिंग बरोबर आहे काकू,
तीनशेच्या पुढे गेलात की दर चढतो.
कूलर आहे ना घरी? मग.
मी म्हटलं, सेहेचाळीस डिग्रीत
कूलर नसलेलं घर दाखव भुसावळात,
मला बघायचंय कोण जिवंत आहे तिथे.
ती हसली. वहीचा कोपरा फाडून नंबर लिहून दिला.
तडवीचाचा. रिटायर वायरमन.
पैसे घेत नाहीत, चहा घेतात.

सुलेमान तडवी दुसऱ्या दिवशी सायकलवर आले,
पायजम्याला क्लिप, खिशात टेस्टर.
चहाआधीच म्हणाले, सगळं बंद कर वं माय.
कूलर, फ्रिज, टीव्ही, देवघरातला लाल बल्बसुद्धा.
घर इतकं गप्प झालं
की हे झोपेतून दचकून उठले.
मीटरपाशी उभे राहिलो आम्ही.
तांबडा ठिपका लुकलुकला.
थांबला.
पुन्हा लुकलुकला.

"कोनतरी खातंय," चाचा म्हणाले,
कणगीत उंदीर असल्यासारखे.

वायरीवर बोट ठेवून ते चालत गेले
मोरी, माजघर, मागच्या जिन्याचं दार.
दाराला टेकून ट्रंक, गव्हाच्या दोन कोठ्या, मोडकी खाट.
सगळं हलवायला तास गेला.
दार उघडलं, तर आत ट्यूब चालू.
दोन्ही टोकं काळी, पाठीवर राखेचा थर,
एकटीच गुणगुणत होती.

हे मालगाडीचे गार्ड.
रात्री दोनला, कधी साडेतीनला,
मागच्या जिन्यानं चढायचे, लेकरं उठू नयेत म्हणून.
ट्यूब मी लावून ठेवायचे.
गेल्या वर्षी मार्चात रिटायर झाले,
हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ घेऊन पुढच्या दारानं आले.
मग जिन्याला सामान टेकत गेलं,
बटण तसंच राहिलं.

चाचांनी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला :
महिन्याला छत्तीस युनिट, कोणासाठीच नाही.
मग फ्रिजच्या दारात दहाची नोट धरली, दार लावलं,
नोट अलगद ओढून काढली. रबर गेलंय.
खरं खाणारं हे, ट्यूब उगाच बदनाम.
कूलरची जाळी तीन वर्षांत धुतली नव्हती,
ते सांगताना त्यांनी माझ्याकडे नाही, यांच्याकडे पाहिलं.
नोट परत दिली. चहा दोनदा घेतला.

जूनचं बिल तीन हजार दोनशे दहा.
अर्धा महिना कूलर लागलाच नाही, तेही खरं.
रबराचे साडेसातशे वेगळे.

पण सांगायचं होतं ते त्याच रात्रीचं.
दोन वाजता हे उठून बसले.
म्हणाले, जिन्यात अंधार आहे का आज?
दाराखालून उजेडाची एक रेघ यायची.
मला वाटायचं, तू मुद्दाम ठेवतेस.

मी काही बोलले नाही.
छत्तीस युनिटांचा हिशोब त्यांना सकाळी सांगितला असता तरी चाललं असतं,
सांगितला नाही.
उठून गच्चीवर गेले पाण्याचा तांब्या घेऊन.
चिमण्यांच्या टोकांवर लाल दिवे
उघडझाप करत होते, रात्रभर करतात.
त्यांचं बिल कोणाच्या नावावर येतं, कोण जाणे.